ॲझटेक पाषाणशिल्पांतील प्राणी कसे वाचावेत

ॲझटेकांनी दगडात घडवलेला, वेटोळे घालून बसलेला साप उलटा करून पाहिला तर त्याच्या पोटाकडचे खवलेही पाठीइतक्याच निगुतीने कोरलेले आढळतात. मूर्ती जमिनीवर ठेवल्यानंतर हा भाग कोणाच्याही दृष्टीस पडणे शक्य नव्हते, तरीही हाताशी लोखंडी छिन्नी नसलेल्या शिल्पकाराने कठीण दगडावर श्रम करून तो पूर्ण केला. असे साप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयातही आहेत. जो भाग कोणाला दिसणारच नाही तो कोरण्यामागे कोणता विचार होता, हे लक्षात आले की या शिल्पांतील प्राण्यांचा अर्थ लावण्याची वाटही सापडू लागते.

प्राचीन संस्कृतींविषयीच्या लोकप्रिय लेखनात प्राण्यांचे अर्थ बहुधा कोशासारखे दिलेले असतात. साप म्हणजे पृथ्वी, गरुड म्हणजे सूर्य, जग्वार म्हणजे रात्र, बेडूक म्हणजे पाऊस. हे अर्थ चुकीचे नाहीत. परंतु अशी यादी पाठ करून प्रत्यक्ष शिल्पासमोर उभे राहिल्यास फार थोडे हाती लागते, कारण तोच साप एका मूर्तीत रक्त असतो, दुसरीत आग, तिसरीत पाणी आणि चौथीत वारा. त्या प्राण्याला कुठे बसवले आहे, त्याचा कोणता अवयव घेतला आहे, त्याला कोणत्या दुसऱ्या प्राण्याशी जोडले आहे आणि तो दगडाच्या कोणत्या बाजूवर कोरला आहे, हे सारे एकत्र पाहिल्यावरच त्याचा अर्थ उलगडतो. माझ्या मते ॲझटेक शिल्पकलेतील प्राणी हे सुटे शब्द नसून वाक्यातले शब्द आहेत, आणि वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय त्यांच्याकडून अर्थाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

ज्यांना आपण ॲझटेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत आणि नाउआत्ल ही भाषा बोलत. परंपरेनुसार त्यांनी १३२५ मध्ये तेश्कोको सरोवरातील एका बेटावर तेनोच्तित्लान हे नगर वसवले. पुढच्या सुमारे दोनशे वर्षांत हे नगर मोठ्या साम्राज्याचे केंद्र बनले आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी एर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्यापुढे व त्याच्या स्थानिक मित्रसैन्यांपुढे ते पडले. आजचे मेक्सिको शहर त्याच जागेवर उभे आहे. सरोवराभोवतीचा प्रदेश ज्वालामुखींचा असल्यामुळे मेशिका शिल्पकारांना बेसॉल्ट आणि अँडेसाइट हे दगड सहज मिळत. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्याचा बनला आहे तोच दगड, त्यामुळे तो घडवायला किती चिवट असतो हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगायला नको. हा दगड ते त्याहून कठीण दगडांच्या हातोड्यांनी ठोकून घडवत आणि वाळू व पाणी यांच्या साहाय्याने घासून गुळगुळीत करत. ओझे ओढणारी जनावरे त्यांच्याकडे नव्हती, म्हणून कित्येक टन वजनाचे दगड माणसांनीच दोरखंड लावून ओढत आणले.

हे शिल्पकार ज्या प्राण्यांना दगडात आणत होते त्यांना समाज अत्यंत जवळून ओळखत होता. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याने नाउआ विद्वानांच्या मदतीने सोळाव्या शतकात बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला आणि त्याचा अकरावा भाग निसर्गातील वस्तूंना वाहिलेला आहे. त्यात जग्वाराचे वर्णन करताना तो प्राण्यांचा राजा आहे, सावध आणि स्वाभिमानी आहे, घाणेरड्या गोष्टींचा त्याला तिटकारा आहे असे सांगितले आहे. म्हणजे निरीक्षण आणि मूल्य ही दोन्ही त्या वर्णनात एकाच वेळी आलेली आहेत. मोक्तेसुमा या सम्राटाच्या राजवाड्याच्या परिसरात शिकारी पक्षी, जग्वार, लांडगे आणि इतर प्राणी पाळलेले होते व त्यांच्या देखभालीसाठी शेकडो माणसे नेमलेली होती, असे कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. मुख्य मंदिराच्या उत्खननात पुरलेल्या नैवेद्यांमध्ये गरुड, जग्वार, प्यूमा आणि लांडगे यांचे सांगाडे मिळाले असून त्यांतील काहींच्या हाडांवर बंदिवासात वाढल्याच्या खुणा दिसतात. उंच पठारावरच्या या नगरात जग्वार आपोआप येणे शक्य नव्हते, तो उष्ण सखल जंगलांतून आणावा लागे. याचा अर्थ दगडी जग्वार घडवणाऱ्यांपैकी काहींना जिवंत जग्वार पाहण्याची संधी मिळत असावी, असे मानायला जागा आहे.

भारतीय वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे देवाजवळ प्राणी दिसला की तो वाहन आहे असे आपण सवयीने मानतो. मेशिका मूर्तींत देव प्राण्यावर बसत नाही, तो प्राण्याचे शरीर धारण करतो. काही देवांना, राजांना आणि मांत्रिकांना एक प्राणिरूप असते व त्या रूपात ते वावरू शकतात, अशी त्यांची समजूत होती आणि या रूपाला नाउआली म्हणत. तेस्कात्लिपोका या रात्रीच्या व दैवाच्या बलाढ्य देवाचे असे रूप जग्वार आहे. त्यामुळे दगडी जग्वारासमोर उभे असताना देवाचे चिन्ह शोधत बसण्याचे कारण नसते, तो स्वतःच तेथे बसलेला असू शकतो.

आता सापाकडे वळू, कारण मेशिका शिल्पांत जेवढा साप आहे तेवढा दुसरा कोणताही प्राणी नाही. तेनोच्तित्लानच्या मध्यभागी असलेले मुख्य मंदिर आज तेम्प्लो मायोर या नावाने ओळखले जाते. हा दुहेरी पिरॅमिड होता. उत्तरेकडच्या भागावर पर्जन्यदेव त्लालोक याचे देऊळ होते आणि दक्षिणेकडच्या भागावर मेशिकांचा युद्धदेव उइत्सिलोपोच्त्ली याचे. पायऱ्यांच्या तळाशी मोठी सर्पमुखे बसवलेली होती आणि चौथऱ्यावर नागमोडी वळणे घेत जाणारे, कित्येक मीटर लांबीचे दगडी सापही होते. हे सजावटीचे काम नव्हते. उइत्सिलोपोच्त्लीचा जन्म कोआतेपेक म्हणजे सर्पपर्वतावर झाला अशी कथा आहे आणि हे साप बसवल्यामुळे मंदिराची ती बाजू प्रत्यक्ष कोआतेपेकच ठरत होती. ती कथा अशी आहे की कोआत्लिक्वे ही देवी पर्वतावर झाडलोट करत असताना वरून पडलेला पिसांचा गोळा तिने कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. तिची मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे या बातमीने संतापून तिला मारायला निघाले. त्याच क्षणी उइत्सिलोपोच्त्ली पूर्ण शस्त्रसज्ज होऊन जन्माला आला, त्याने अग्निसर्पाच्या शस्त्राने बहिणीचे मस्तक उडवले आणि तिचे शरीर तुकडे होऊन पर्वताच्या पायथ्याशी पडले.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार खोदकाम करत असताना सव्वातीन मीटर व्यासाचा एक गोल दगड त्यांना लागला. त्यावर कोयोल्शाउकीचे विच्छिन्न शरीर कोरलेले होते आणि हा दगड नेमका उइत्सिलोपोच्त्लीच्या बाजूच्या पायऱ्यांखाली होता. कथेतील पायथा आणि मंदिरातील पायथा एकच आहे हे या शोधाने निर्विवाद केले आणि त्यातूनच पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली तेम्प्लो मायोरचे मोठे उत्खनन सुरू झाले. कोयोल्शाउकीच्या दंडांवर आणि मांड्यांवर दोन तोंडांचे साप गाठ मारून बांधलेले आहेत, तिच्या कमरेलाही सापाचाच पट्टा आहे आणि त्यावर कवटी आहे. येथे साप दागिन्याच्या जागी आला आहे. ज्या ठिकाणी शरीर तुटले त्याच्याजवळच तो बांधलेला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तिच्या आईच्या मूर्तीत तुटण्याचा आणि सापाचा हा संबंध टोकापर्यंत नेलेला आहे.

कोआत्लिक्वेची ती मूर्ती १३ ऑगस्ट १७९० रोजी शहराच्या मुख्य चौकात दुरुस्तीची कामे चालू असताना सापडली. तिची उंची अडीच मीटरांहून अधिक आहे. तिचे वस्त्र एकमेकांत विणलेल्या सापांचे आहे, गळ्यात माणसांचे तळहात, हृदये आणि कवटी यांची माळ आहे, पायांच्या जागी मोठ्या नख्यांचे पंजे आहेत. मस्तक मात्र नाही. तुटलेल्या मानेतून दोन प्रचंड साप वर उसळतात, एकमेकांकडे वळतात आणि त्यांची तोंडे समोरासमोर येऊन भिडतात. प्रत्येक साप एका बाजूने कोरलेला आहे, परंतु दोघांना एकत्र पाहिले की दोन डोळे, एक रुंद जबडा आणि सुळे असलेला एकच समोरून दिसणारा चेहरा तयार होतो. मेशिका चित्रभाषेत तुटलेल्या अवयवातून उसळणारे रक्त सापाच्या रूपात दाखवण्याचा संकेत होता. म्हणून या मूर्तीत साप हे वाहणारे रक्त आहे, तेच नवे मस्तकही आहे, आणि हातांच्या जागीही सर्पमुखेच आहेत. जिथून जीव गेला तिथूनच दुसरा जीव डोके वर काढतो, हा विचार शिल्पकाराने एकही शब्द न लिहिता मांडला आहे. कात टाकून पुन्हा तेजस्वी होणारा प्राणी या कामासाठी निवडला जावा, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

ही मूर्ती सापडल्यावर विद्यापीठाच्या आवारात ठेवली गेली, परंतु स्थानिक लोक तिच्यापुढे मेणबत्त्या लावू लागल्यामुळे तिला पुन्हा पुरण्यात आले. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याला पाहता यावी म्हणून तिला थोड्या काळापुरते उकरून काढले आणि नंतर परत पुरले. पुरणाऱ्यांना तिची भीती वाटली ती बहुधा याच सापांमुळे, कारण युरोपीय ख्रिस्ती मनात साप आणि सैतान यांची सांगड घट्ट बसलेली होती. मेशिकांच्या मनात ती नव्हती.

आगीचा साप याहून वेगळा ओळखता येतो. त्याला शिउकोआत्ल म्हणतात आणि निसर्गात असा प्राणी नाही. त्याचे नाक वर उचलून मागे वळलेले असते, त्याला पुढचे पाय असतात आणि अंग एकसारख्या खंडांचे बनलेले असते. उइत्सिलोपोच्त्लीच्या हातातील शस्त्र हाच होय. १७ डिसेंबर १७९० रोजी त्याच चौकात सापडलेल्या, सुमारे ३.६ मीटर व्यासाच्या प्रसिद्ध सूर्यशिलेच्या कडेने असे दोन अग्निसर्प वरून खाली उतरतात आणि तळाशी त्यांची उघडी तोंडे समोरासमोर येतात. प्रत्येक तोंडातून एक चेहरा बाहेर डोकावतो. सूर्याला आकाशातून वाहून नेणारे ते वाटाडे आहेत, असा याचा अर्थ लावला जातो. पिसांचा साप म्हणजे केत्सालकोआत्ल हा आणखी निराळा आहे. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी केत्साल पक्ष्याची लांब पिसे असतात आणि शिल्पकार ती वाऱ्यावर हलल्यासारखी वळवून कोरतो. जमिनीवर सरपटणारा आणि आकाशात उडणारा असे दोन प्राणी एका शरीरात आणले की वर आणि खाली यांच्यातील अंतर मिटते. वाऱ्याचा आणि निर्मितीचा देव दाखवायचा असेल तर हे रूप अगदी नेमके आहे. त्लालोकच्या काही मूर्तींत तर देवाचा चेहराच एकमेकांत गुंतलेल्या दोन सापांचा बनलेला आहे, आणि तेथे साप म्हणजे पाणी. मेक्सिको शहराच्या उत्तरेला असलेल्या तेनायुका येथील पिरॅमिडभोवती शंभराहून अधिक दगडी साप रांगेने बसवलेले आहेत, आणि ते पवित्र जागेची सीमा आखतात. सीमा, पाणी, आग, वारा, रक्त या सगळ्यांसाठी एकच प्राणी वापरला गेला आणि तरीही मेशिका पाहणाऱ्याचा गोंधळ झाला नाही, कारण नाक, पिसे, गाठ, जागा या खुणा त्याला ठाऊक होत्या.

गरुड आणि जग्वार ही जोडी समजून घेण्यासाठी एक कथा आवश्यक आहे. सध्याचे जग हे पाचवे असून त्याआधीची चार जगे नष्ट झाली, असे मेशिका मानत. पाचवा सूर्य निर्माण करण्यासाठी तेओतिउआकान या प्राचीन नगराच्या जागी देवांनी मोठा अग्नी पेटवला. तेकुसिस्तेकात्ल हा ऐटबाज देव उडी घेताना कचरला आणि अंगावर फोड असलेल्या नानाउआत्सिन या गरीब देवाने आधी स्वतःला झोकून दिले, म्हणून तो सूर्य झाला. त्यांच्या मागोमाग गरुडाने झेप घेतली आणि त्याची पिसे करपून काळपट झाली. शेवटी जग्वार गेला, तोवर आग मंदावली होती, म्हणून त्याच्या अंगावर केवळ काळे ठिपके उमटले. या दोघांनी दाखवलेल्या धाडसामुळेच मेशिकांच्या सर्वांत मानाच्या योद्ध्यांना गरुड योद्धे आणि जग्वार योद्धे म्हणत. आधी कचरलेला देव दुसरा सूर्य होऊन तेवढ्याच तेजाने उगवला, तेव्हा देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून त्याचे तेज कमी केले आणि तो चंद्र झाला. चंद्रावर ससा दिसतो ही कल्पना आपल्याकडेही आहे, आणि जगाच्या दोन टोकांना लोकांनी त्याच डागांत तोच प्राणी पाहावा याचे मला नेहमी नवल वाटते.

१९०१ मध्ये तेम्प्लो मायोरसमोरील मार्केस देल आपार्तादो यांच्या जुन्या वाड्याच्या जागी दगडाचा एक भव्य जग्वार सापडला. त्याची लांबी सव्वादोन मीटरांच्या आसपास आहे. जबडा उघडा आहे, सुळे बाहेर आहेत, आणि पाठीत एक गोल खोलगट पात्र कोरलेले आहे. बळी दिलेल्या माणसांची हृदये ठेवण्याच्या अशा पात्राला क्वाउशिकाल्ली म्हणतात. वाकून आत पाहिल्यास पात्राच्या तळाशी दोन देव बसून स्वतःचे कान टोचून रक्त काढत असल्याचे दृश्य दिसते. म्हणजे माणसांनी जे अर्पण करायचे त्याच्या तळाशी देवांनी आधी केलेले अर्पण आहे, आणि हृदये ठेवल्यावर ते झाकले जाणार हे ठाऊक असूनही ते कोरलेले आहे. १९८५ मध्ये त्याच वाड्यात, पाठीत तसेच पात्र असलेला दगडी गरुडही मिळाला. एकाच जागी मिळालेल्या या दोन शिल्पांत दिवस आणि रात्र, आकाश आणि जमीन यांची जोडी पूर्ण होते. गरुड सर्वांत उंच उडतो आणि सूर्याकडे झेपावतो, म्हणून तो सूर्याला अन्न पोहोचवू शकतो. जग्वार रात्री गुहेतून बाहेर पडतो आणि त्याच्या कातड्यावरचे ठिपके ताऱ्यांसारखे दिसतात, म्हणून मावळल्यानंतरच्या सूर्याचा प्रदेश त्याचा. तेम्प्लो मायोरच्या पायथ्याशी अलीकडे मिळालेल्या एका नैवेद्यात जग्वाराच्या सांगाड्याबरोबर १६४ तारामासे ठेवलेले होते आणि त्यांची जात अशी होती की तिच्या अंगावरची नक्षी जग्वाराच्या ठिपक्यांशी जुळते. शिल्पकार आणि पुरोहित एकाच पद्धतीने विचार करत होते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

ही जोडी सर्वांत प्रभावीपणे अनुभवायला मिळते ती मालिनाल्को येथे. मेक्सिको शहराच्या नैर्ऋत्येला डोंगरउतारावर असलेले हे मंदिर वेरूळप्रमाणे सलग खडकातून कोरून काढलेले आहे आणि त्याचे काम १५०१ च्या सुमारास सुरू झाले. दरवाजा म्हणजे सर्पाचे उघडे तोंड असून त्याची जीभ उंबऱ्यापुढे जमिनीवर पसरलेली आहे. आत अर्धवर्तुळाकार बैठकीवर मध्यभागी जग्वाराचे कातडे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गरुड कोरलेले आहेत, तर जमिनीच्या मध्यावर आणखी एक गरुड आहे. आत शिरणारा योद्धा आधी पृथ्वीच्या तोंडात जातो आणि मग गरुड व जग्वार यांच्या अंगावर बसतो.

गरुडाविषयी एक मोठा गैरसमज आज मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजामुळे पसरलेला आहे. ध्वजावर निवडुंगावर बसलेला गरुड साप खाताना दिसतो आणि हीच नगरस्थापनेची मूळ खूण आहे असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु राष्ट्रीय राजवाड्याच्या पायातून १९२६ मध्ये काढलेल्या, पवित्र युद्धाचे मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी प्रतिकृतीच्या मागील बाजूस हाच प्रसंग स्पॅनिश लोक येण्यापूर्वी कोरलेला आहे आणि तेथे गरुडाच्या चोचीत साप नाही. त्याच्या चोचीतून पाणी आणि आग यांचे एकमेकांत पिळलेले दोन पट्टे निघतात आणि हे युद्धाचे चिन्ह आहे. निवडुंगाची फळे माणसाच्या हृदयांसारखी दाखवलेली आहेत आणि ते झाड जमिनीवर आडव्या पडलेल्या देवतेच्या शरीरातून उगवते. विजयानंतरच्या सोळाव्या शतकातील हस्तलिखितांत गरुडाची चोच कधी रिकामी असते, कधी तीत पक्षी असतो आणि कधी साप. पुढे सापच पक्का झाला, आणि त्यामागे चांगल्या गरुडाने वाईट सापाला मारावे ही युरोपीय कल्पना असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मला हे पटते, कारण मेशिका शिल्पांत साप आणि शिकारी पक्षी यांचे वैर मला कुठेच दिसत नाही; कोआत्लिक्वेच्या एकाच देहात सर्पमुखे आणि गरुडासारखे नख्यांचे पंजे शेजारी नांदतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कोआत्लिक्वेची अडीच मीटरांची मूर्ती ज्या तळव्यावर उभी आहे त्याच्या खालच्या पृष्ठभागावरही एक संपूर्ण शिल्प आहे आणि ते त्लालतेकुत्ली या पृथ्वीदेवतेचे आहे. अनेक हृदयपात्रांच्या तळाशी आणि पेट्यांच्या खालीही तीच आढळते. बेडकासारखी फाकून बसलेली, हातापायांना नख्यांचे पंजे असलेली, सांध्यांवर कवट्या किंवा चेहरे धारण करणारी ही देवता मेशिकांच्या कथेनुसार आदिम पाण्यात राहत होती. केत्सालकोआत्ल आणि तेस्कात्लिपोका यांनी दोन प्रचंड सापांचे रूप घेऊन तिला आवळले, मधोमध फाडले आणि तिच्या एका भागाची पृथ्वी व दुसऱ्याचे आकाश केले. तिच्या देहातून झाडे, झरे, गुहा आणि डोंगर निर्माण झाले, परंतु ती रात्री रडते आणि हृदये मिळाल्याशिवाय शांत होत नाही, असे कथा सांगते. तिची प्रतिमा दगडाच्या खाली कोरली की ती जमिनीला, म्हणजे स्वतःलाच, टेकते. तेथे माणसाने पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या देवतेसाठी ती कोरली आहे तिच्यापर्यंत ती पोहोचलेली असते. वेटोळे घातलेल्या सापाच्या पोटाचे खवलेही याच न्यायाने पूर्ण केले जात, कारण दगडात घडवलेला साप अर्धा राहिला तर तो साप होत नाही.

२ ऑक्टोबर २००६ रोजी तेम्प्लो मायोरच्या पायथ्याशी त्लालतेकुत्लीची एक अपवादात्मक शिला सापडली. ती चार मीटरांहून लांब आणि सुमारे बारा टनांची असून तिच्यावर देवता वरच्या पृष्ठभागावर, लोकांना दिसेल अशी कोरलेली आहे. लेओनार्दो लोपेस लुहान यांच्या पथकाने तिच्याखाली एकामागून एक नैवेद्य उघडले आणि त्यांत हजारो समुद्री जिवांचे अवशेष, सोनेरी गरुड आणि सोन्याची आभूषणे घातलेला एक कुत्रा किंवा लांडगा असे प्राणी मिळाले. दगडातील प्राणी आणि त्याखालचे खरे प्राणी मिळून एकच रचना पूर्ण होत होती.

लहान प्राण्यांत मेशिका शिल्पकाराचा हात अधिक मोकळा वाटतो. चापुल्तेपेक या टेकडीचे नावच टोळावरून पडलेले आहे आणि तेथे तांबूस दगडाचा एक मोठा टोळ मिळाला. त्याचे दुमडलेले मागचे पाय आणि पोटाची वळी इतक्या अचूक आहेत की कीटकशास्त्रज्ञालाही ते समाधान देतील. तेम्प्लो मायोरच्या त्लालोकच्या बाजूला एका छोट्या वेदीवर दोन दगडी बेडूक बसलेले आहेत. त्यांचे ओरडणे म्हणजे पावसाची चाहूल, त्यामुळे त्यांना दुसरी जागा असूच शकत नव्हती. १९६० च्या दशकात मेट्रो रेल्वेच्या पिनो सुआरेस स्थानकाच्या खोदकामात वारादेव एएकात्लचे एक छोटे गोल देऊळ आणि नाचणाऱ्या माकडाची मूर्ती मिळाली. माकडाने एएकात्लचा चोचीसारखा मुखवटा घातलेला आहे आणि त्याचे अंग भोवऱ्यासारखे पिळलेले आहे. माकड येथे का, याचे उत्तर पुन्हा जगांच्या कथेत आहे, कारण वाऱ्याने नष्ट झालेल्या जगातील माणसे माकडे झाली होती.

कुत्र्याकडे शोलोत्ल या देवाचे रूप म्हणून पाहिले जाई आणि मृताला पाताळातील नदी पार करून देण्याचे काम त्याचे होते. साआगुनने नोंदवले आहे की हे काम पिवळा कुत्राच करतो. पांढरा म्हणतो, मी नुकताच अंग धुतले, आणि काळा म्हणतो, मी नुकताच अंगाला काळे लावले. आउइत्सोत्ल हा पाण्यातला काल्पनिक प्राणी तर राजकारणातच शिरला. कुत्र्याएवढा, शेपटीच्या टोकाला माणसाचा हात असलेला आणि काठावरच्या माणसाला पाण्यात ओढणारा असा हा प्राणी १४८६ ते १५०२ या काळात राज्य करणाऱ्या सम्राटाचे नाव होता. तेपोस्त्लान येथील देवळात मिळालेल्या दगडावर हा प्राणी कोरलेला आहे, आणि तेथे तो सम्राटाची सही आहे.

नावासाठी कोरलेल्या प्राण्याला प्रतीक समजण्याचा हा धोका दिनचिन्हांतही आहे. मेशिकांच्या २६० दिवसांच्या पंचांगात वीस दिवसांची नावे असून त्यांतील दहा प्राण्यांची आहेत: मगर, सरडा, साप, हरीण, ससा, कुत्रा, माकड, जग्वार, गरुड आणि गिधाड. ही नावे १ ते १३ या आकड्यांशी जोडून तारीख तयार होते. त्यामुळे दगडावर प्राण्याचे तोंड आणि शेजारी गोल ठिपके दिसले तर ती तारीख आहे, हे आधी तपासावे. सूर्यशिलेच्या मध्यभागी जग्वाराचे मस्तक आणि चार ठिपके आहेत, आणि ते ज्या दिवशी पहिले जग संपले त्या दिवसाचे नाव आहे. त्या जगातील राक्षसी माणसांना जग्वारांनीच खाल्ले होते, म्हणून तारीख आणि प्राणी दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. ससा आणि एक ठिपका हे वर्षचिन्ह मात्र केवळ भयाचे होते, कारण १४५४ मध्ये येणाऱ्या अशाच वर्षी मोठ्या दुष्काळाने लोकांचे हाल झाले होते.

विजयानंतर स्पॅनिशांनी यातील कित्येक दगड फोडले आणि कित्येक बांधकामात वापरले. मेक्सिको शहराच्या इतिहासाचे संग्रहालय ज्या जुन्या हवेलीत आहे तिच्या कोपऱ्याचा पायाचा दगड म्हणजे एक मेशिका सर्पमुख असून ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. उघड्यावर राहिलेल्या या दगडांचे रंग उडून गेले आणि आपण त्यांना करडेच समजू लागलो. प्रत्यक्षात ही शिल्पे रंगवलेली होती. १९ सप्टेंबर २०२२ च्या भूकंपानंतर जुन्या विधी महाविद्यालयाच्या इमारतीखाली १.८ मीटर लांबीचे एक दगडी सर्पमुख सापडले आणि त्याच्या बहुतांश पृष्ठभागावर लाल, निळा, काळा, पांढरा आणि गेरूसारखा पिवळा असे रंग टिकून होते. शतकानुशतके ओल्या मातीत राहिलेला दगड एकदम सुकला तर रंगाचे पापुद्रे निघून येतात, म्हणून जतन करणाऱ्यांनी त्याच्याभोवती दमट हवेची खोली उभारली आणि आतला ओलावा अतिशय हळूहळू कमी केला.